सदाफुलीच्या माहेरी

पहिला दिवस, अंटानानारिवो

मुंबईहून नैरोबी आणि तिथून मादागास्करची राजधानी अंटानानारिवो. इथले लोक शहराला नुसतं 'ताना' म्हणतात. विमान उतरताना खाली भाताची खाचरं दिसली, आणि ती थेट शहराच्या पोटात शिरलेली. टेकड्यांवर विटांची उंच निमुळती घरं, खाली पाण्यात वाकलेल्या बायका. मावळात आषाढात दिसावं तसंच चित्र. फक्त माती आपल्यापेक्षा कितीतरी लाल.

घड्याळ अडीच तास मागे केलं. बरोबर माझी भाची आहे. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मी मुंबईत लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात २७ वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त. आम्ही दोघी सदाफुली बघायला मादागास्करला निघालोय हे कळल्यावर माझी बहीण म्हणाली होती, "अगं, कुंडीत आहे की आपल्या! गच्चीवर जा आणि बघ." तिचं खरंच आहे. महाराष्ट्रात सदाफुली नाही असं अंगण शोधावं लागेल. पण ती मूळची आपली नाही. या बेटावरची आहे. वॉर्डात मी आयुष्यभर जे औषध मुलांच्या शिरेतून सोडलं, ते व्हिनक्रिस्टिन याच झाडाच्या पानातून येतं. ज्या मातीतून ते आलं ती एकदा पायाखाली घ्यावी असं फार वर्षं मनात होतं.

रात्री जेवायला रोमाझावा घेतला. पालेभाजी आणि मांसाचा पातळ रस्सा, सोबत भाताचा डोंगर. त्यातली पिवळी बोंडं चावली आणि जीभ झिणझिणून बधिर झाली. भाचीनं एक बोंड उचलून निरखलं आणि म्हणाली, "मावशी, ही आपल्या अक्कलकाऱ्याच्या जातकुळीतली." दाढ दुखली की आजी जे फूल दाताखाली धरायला द्यायची, त्याचं हे भावंड. बधिर करणारं द्रव्यही तेच, स्पिलांथॉल. इथे त्याची भाजी करतात. जेवणानंतर भांड्याच्या तळाला लागलेल्या करपलेल्या भातात पाणी उकळून ते प्यायला देतात. माझी आजी खरवडीत पाणी घालून ठेवायची, तो वास आठवला.

दुसरा दिवस, ताना

सकाळी अनालाकेलीचा बाजार. जडीबुटीच्या गाळ्यांवर सालींच्या जुड्या, मुळ्या, वाळकी पानं. विकणाऱ्या बाईनं मला 'कराना' म्हटलं. इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना हाच शब्द आहे. ते बहुतेक मूळचे गुजराती. सदाफुलीला तानाकडे 'वोनेनिना' म्हणतात. भाचीनं नाव घेताच बाईनं मुळ्यांची एक जुडी काढली आणि तोंड वाकडं करून दाखवलं. म्हणजे कडू. मग गालावर हात ठेवला. म्हणजे दातदुखीवर. मग पोट दाबलं. जंतांवर असावं असं आम्ही धरलं.

दुपारी शहराच्या कडेला इताओसीला गेलो. आल्बेर राकोतो रात्सिमामांगा या मालागासी शास्त्रज्ञानं १९५७ साली उभी केलेली औषधी संशोधन संस्था तिथे आहे. हा माणूस १९०७ सालचा, पॅरिसमध्ये शिकून मोठा झालेला. गावातले वैदू जे वापरतात ते प्रयोगशाळेत तपासायचं आणि त्याचं औषध इथेच, आपल्या लोकांसाठी करायचं, हा त्याचा ध्यास. जखमेवरच्या ज्या मलमाशी त्याचं नाव जोडलं जातं ते 'तालापेत्राका' या वेलीपासून होतं. पानं बघितली तर आपली मंडूकपर्णी! आपल्याकडे पुष्कळजण हिलाच ब्राह्मी समजतात. मधुमेहासाठी याच संस्थेनं तयार केलेलं औषध जांभळाच्या बियांचं आहे. जांभूळबीचं चूर्ण आमच्या घरी वडील घ्यायचे.

मला त्या माणसाची एक गोष्ट फार पटली. झाड औषधी आहे एवढ्यावर तो थांबला नाही. त्यातलं नेमकं काय, किती मात्रेत आणि कुणाला, हे त्यानं विचारलं. वॉर्डात आम्ही रोज हेच करत होतो. व्हिनक्रिस्टिनचा डोस मुलाच्या वजनावर नाही, शरीराच्या पृष्ठभागावर काढतात. चौरस मीटरला दीड मिलिग्रॅम, आणि मूल कितीही मोठं असलं तरी एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नाही. २ मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे काही कण.

परतताना अनोसी तळ्याभोवती नीलमोहर फुललेला. पुण्यातल्या रस्त्यांवर तो चैत्र-वैशाखात फुलतो, इथे ऑक्टोबरात.

तिसरा दिवस, तोलान्यारो

विमानानं बेटाच्या आग्नेय टोकाला. फ्रेंच लोक या गावाला फोर-दोफँ म्हणत. त्यांनी १६४३ साली इथे किल्ला बांधला. गाव समुद्रात घुसलेल्या जिभेवर वसलंय. तिन्ही बाजूंनी लाटा, पाठीशी ढगात बुडालेले डोंगर. कोकणातला माणूस इथे पाच मिनिटांत रुळेल.

संध्याकाळी लिबानोनाच्या पुळणीवर गेलो. वाळू संपते आणि खुरटं गवत सुरू होतं त्या पट्ट्यात भाची अचानक खाली बसली. गुडघ्याएवढं झुडूप, गुलाबी पाच पाकळ्या, मधे गडद डोळा. कुणी लावलेली नाही, कुणी पाणी घातलेलं नाही. घरच्या सदाफुलीपेक्षा फुलं लहान आणि पानं जाड, चिवट. मी हात लावला आणि बराच वेळ काही बोलू शकले नाही.

भाची म्हणाली, या वंशात आठ जाती आहेत. सात फक्त मादागास्करच्या आणि आठवी भारत-श्रीलंकेची, शेताच्या बांधावर उगवणारी, बारीक पांढऱ्या फुलाची. आपली कुंडीतली मात्र या सातांपैकीच. इथलं बी जहाजांनी युरोपातल्या बागांत गेलं, तिथून साऱ्या उष्ण देशांत. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५९ साली तिला नाव दिलं तेव्हा ती पॅरिस-लंडनच्या बागांमधून फुलत होती. जिथे गेली तिथल्या लोकांनी ती औषधात घेतली. जमैकात मधुमेहाचा काढा झाला, आणि पुढची गोष्ट त्या काढ्यापासून सुरू होते.

१९५२ मध्ये कॅनडातल्या क्लार्क नोबल या डॉक्टरांना जमैकाहून पाकीट आलं. आत सदाफुलीची २५ पानं. तिकडे लोक याचा चहा साखरेच्या आजारावर घेतात, बघा काही आहे का, असं सांगणं. हे क्लार्क नोबल इन्शुलिनच्या सुरुवातीच्या दिवसांत त्या संशोधकांच्या वर्तुळातले. त्यांनी पानं आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. ते वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात होते. उंदरांना अर्क पाजला, साखर फारशी हलली नाही. मग टोचून दिला तर उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गानं मेले. दुसरा कुणी असता तर अर्क विषारी म्हणून बाटली फेकून दिली असती. यांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या.

पांढऱ्या पेशी संपवणारं द्रव्य म्हणजे, ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्यावर उपयोगी पडू शकणारं द्रव्य! १९५४ मध्ये चार्ल्स बीर हे रसायनशास्त्रज्ञ नोबल यांना येऊन मिळाले आणि १९५८ पर्यंत त्यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं. तेच व्हिनब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेत इलाय लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोदा आणि आयर्विंग जॉन्सन याच झाडावर काम करत होते. त्यांच्या हाती त्याचं धाकटं भावंड लागलं, व्हिनक्रिस्टिन. १९६३ मध्ये अमेरिकेत ते वापरायला मान्यता मिळाली.

मी पुळणीवर बसून भाचीला सांगत होते, की आमच्या वॉर्डातल्या जुन्या डॉक्टरांनी ते आधीचे दिवस ऐकलेले होते. रक्ताचा कॅन्सर झालेलं मूल काही महिन्यांत जायचं. आई-बापांना घरी न्या म्हणून सांगण्यापलीकडे काही नव्हतं. एकट्या व्हिनक्रिस्टिननं ते बदललं असं मी म्हणणार नाही. बरोबर स्टेरॉइड असतं, इतर तीन-चार औषधं असतात, दोन-अडीच वर्षं चिकाटी असते. पण पहिल्या महिन्यात दर आठवड्याला शिरेतून जाणारं ते इंजेक्शन आजही उपचाराच्या पायातला दगड आहे.

चौथा दिवस, आंबोआसारीच्या वाटेवर

तोलान्यारो ते आंबोआसारी, सुमारे ८० किलोमीटर. सकाळी सातला निघालो आणि जेवायच्या वेळेला पोचलो. रस्ता म्हणजे खड्ड्यांमधली वाट. पण या वाटेवर जे दिसलं ते कुठे बघायला मिळणार नाही. डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला केळी, भात, पाऊस. खिंड ओलांडली आणि तासाभरात सगळं पालटलं. महाबळेश्वरहून वाईमार्गे माणकडे उतरताना जो फरक दिसतो तोच, पण कितीतरी तीव्र आणि अगदी थोड्या अंतरात. पुढे आंद्रॉय प्रांताची हद्द लागते. तिथलं काटेरी रान असं, की झाडं म्हणजे आठ-दहा मीटर उंचीचे काटे लावलेले सोटे, आणि त्यांना चिकटलेली नाण्याएवढी पानं. भाचीसाठी गाडी थांबवून थांबवून चालक थकला.

आंबोआसारीच्या आसपास मैलोन् मैल घायपात. दोरखंडासाठी फ्रेंच काळात लावलेली. वशिंडाच्या बैलांच्या गाड्या त्यातून जातात. बैल आपल्याकडच्यासारखेच. रस्त्याच्या कडेला अंतांद्रॉय लोकांच्या समाध्या. दगडी चौथरा, रंगीत चित्रं, वर बैलांची शिंगं ओळीनं रचलेली.

आणि त्या कोरड्या, दगडी कडेलाही सदाफुली. शेळ्या चहूबाजूला चरत होत्या. हिला तोंड लावत नव्हत्या.

पाचवा दिवस, पानं वेचणाऱ्या बायका

आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

दक्षिणेतल्या या पट्ट्यातून सदाफुलीची पानं आणि मुळं परदेशी जातात. मुळांमधून आज्मालिसिन निघतं, ते रक्ताभिसरणाच्या औषधांत वापरतात. पानांमधून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन. पान खुडलं तर झाड पुन्हा फुटतं, मूळ उपटलं तर झाड गेलं. त्यामुळे रानातून गोळा करणं आणि शेतात लावणं या दोन्हींत मोठा फरक पडतो.

आमच्या वाटाड्यानं आधी गावच्या वडीलधाऱ्याची परवानगी घेतली. इथे प्रत्येक गावाचे 'फादी' असतात, म्हणजे निषेध. कुठल्या दिशेला बोट दाखवायचं नाही, कुठल्या झाडाखालून जायचं नाही. आम्ही फोटो काढले नाहीत. चिंचेच्या सावलीत पाच-सहा बायका वाळलेली पानं निवडत होत्या. काड्या बाजूला, पान बाजूला, आपल्याकडे मेथी निवडतात तशा. चिंचेला इथे 'किली' म्हणतात. एकीच्या पाठीला झोळीत पोर बांधलेलं.

पान इतकं का लागतं ते भाचीनं मला आधल्या रात्री कागदावर काढून दाखवलं होतं. या झाडात शंभराहून जास्त अल्कलॉइड आहेत, म्हणजे झाडात तयार होणारी तीव्र परिणामाची द्रव्यं. व्हिनब्लास्टिन होतं ते दोन तुकडे जोडून. एकाचं नाव व्हिंडोलिन, दुसऱ्याचं कॅथरँथिन. पण झाडानं त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलंय. कॅथरँथिन पानाच्या वरच्या मेणाच्या थरात, व्हिंडोलिन आत पेशींमध्ये. दोघांची गाठ फार क्वचित पडते. म्हणून एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन काढायचं तर ५०० किलो आणि त्याहून जास्त सुकी पानं लागतात. व्हिनक्रिस्टिन तर पानात याहूनही कमी. दोघांत फरक एवढाच, की एका नायट्रोजनला व्हिनब्लास्टिनमध्ये मिथिलचा गट चिकटलेला असतो आणि व्हिनक्रिस्टिनमध्ये फॉर्मिलचा. एवढ्या फरकानं शरीरावरचा ताण जागा बदलतो. पहिलं अस्थिमज्जेला जास्त दमवतं, दुसरं नसांना.

नसांचं मला कुणी सांगायला नको. व्हिनक्रिस्टिन चालू असलेलं मूल जिना चढताना अडखळतं, पाऊल उचलत नाही, जबडा दुखतो म्हणून जेवत नाही, पोट साफ होत नाही म्हणून रडतं. पेशी दुभंगताना आत जे धागे ताणले जातात, ते ज्या प्रथिनाचे विणलेले असतात त्या ट्यूब्युलिनला हे औषध धरून ठेवतं. धागा विणलाच जात नाही, पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. नसांमध्येही त्याच प्रथिनाच्या नळ्या असतात, म्हणून त्याही दुखावतात. शिरेबाहेर थेंब सांडला तर कातडी जळते. आणि चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर मूल जवळजवळ कधीच वाचत नाही. याच मुलांना दुसरं एक औषध पाठीतून द्यायचं असतं, म्हणून आमचा नियम कडक होता. पाठीतल्या इंजेक्शनच्या वेळी व्हिनक्रिस्टिन त्या खोलीत असताच कामा नये. ते सिरिंजमध्ये नाही, छोट्या सलाईनच्या पिशवीतच भरायचं. नव्या सिस्टरला मी हे पहिल्या दिवशी तीन वेळा म्हणायला लावायची.

पानं निवडणाऱ्या त्या बाईशेजारी मी बसले. तिनं वाटाड्यामार्फत विचारलं, "याचं पुढे काय करतात?"

मी बोटांनी कुपीची उंची दाखवली, अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. एवढ्या कुपीत एक मिलिग्रॅम औषध असतं. मनात हिशेब केला. एका कुपीमागे किमान अर्धा किलो सुकं पान. तिच्यासमोरचं पोतं पंचवीस-एक किलोचं असेल. म्हणजे जास्तीत जास्त पन्नास कुप्या. मी जमिनीवर काडीनं पन्नास रेघा ओढल्या आणि म्हटलं, "आजारी मुलांना देतात. रक्ताच्या आजारात."

"मुलं बरी होतात?"

"पुष्कळ होतात. केस गळतात आधी, सगळे."

बायकांचे हात थांबले. एकीनं पाठीवरच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "परत येतात केस?"

"येतात. बऱ्याचदा आधीपेक्षा दाट."

हे ऐकून त्या हसल्या. मग एका म्हातारीनं सांगितलं, की दुष्काळात, ज्याला इथे 'केरे' म्हणतात, लोक याचं कडू मूळ चघळायचे. भूक मरते म्हणून. आजारासाठी नाही, भुकेसाठी. २०२१ चा केरे सगळ्यांच्या आठवणीत ताजा होता. निवडुंगाची फळं, रानातली पानं खाऊन दिवस काढलेले. भूक मारायला जे मूळ चघळलं त्याच झाडाचं पान पोत्यात भरून बोटीवर चढतं. मिळणारे पैसे घरात मका येईल इतके, हंगाम असेपर्यंत. त्या पोरांपैकी एकाला उद्या रक्ताचा कॅन्सर झाला तर त्याचं काय होईल, हे मी विचारलं नाही. मला उत्तर ठाऊक होतं. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत हे. व्हिनक्रिस्टिन त्याच संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीत असणं आणि आंबोआसारीच्या दवाखान्यात असणं, यातलं अंतर मी कालच ८० किलोमीटर खड्ड्यांतून बघून आले होते.

मला राग येतो. साठ वर्षं जगभर विकल्या गेलेल्या औषधाचं हे मूळ घर. १९९२ च्या जैवविविधता कराराच्या आधी झाडावर देशाचा हक्क असतो असं फारसं कुणी मानत नव्हतं. वाटा देण्याचे नियम ठरवणारा नागोया करार तर २०१० चा. तोवर सदाफुली टेक्सासच्या शेतांत, भारतातल्या शेतांत कधीच पोचली होती. आपल्या देशातही तिची लागवड होते, आपल्या कंपन्याही हे औषध बनवतात. माझ्या वॉर्डातली मुलं त्यामुळे जगली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या बायकांसमोर बसून एकीनं दुसरी पुसली जात नव्हती.

निघताना म्हाताऱ्या बाईनं माझा हात हातात घेतला. तळवा हिरवट काळा झालेला. माझ्या बहिणीचा तळवा मेथी निवडून होतो तसा.

सहावा दिवस, बेरेंती

मांद्रारे नदीकाठचं हे छोटं राखीव रान घायपातवाल्या कुटुंबानं १९३६ साली राखून ठेवलं. जुन्या किलीच्या झाडांवर लेमूर, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या शेपट्या. दुसरे पांढरे लेमूर, सिफाका, जमिनीवर दोन पायांवर आडव्या उड्या मारत जातात, हात वर करून. भाची दिवसभर तिथेच होती. मी चिंचेखाली बसून वही लिहिली.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी, कारण परतल्यावर मला ती पुन्हा पुन्हा सांगावी लागणार. आपल्याकडे पुष्कळजण साखर उतरावी म्हणून रोज सकाळी सदाफुलीची दोन-चार पानं किंवा फुलं चावतात. आमच्या इमारतीतही आहेत असे. कृपा करून करू नका. पानात किती अल्कलॉइड आहे हे पानावर लिहिलेलं नसतं. झाडाझाडात, ऋतूऋतूत ते बदलतं. ज्या झाडानं उंदरांच्या पांढऱ्या पेशी संपवल्या, ज्याला शेळी तोंड लावत नाही, ते आपण अंदाजानं खायचं नाही. ज्या द्रव्याचा मिलिग्रॅम मोजताना दोन सिस्टर एकमेकींचा आकडा तपासतात, ते मूठभर पानांत मोजता येत नाही.

भाची म्हणते, पुढे कदाचित पानं लागणारही नाहीत. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरच्या शास्त्रज्ञांनी झाड हे द्रव्य कसं घडवतं त्याच्या उरलेल्या पायऱ्या शोधल्या. २०२२ मध्ये दुसऱ्या गटानं यीस्टकडून व्हिंडोलिन आणि कॅथरँथिन दोन्ही तयार करून घेतली. मोठ्या टाकीत औषध पिकेल. औषधाचा तुटवडा मी स्वतः पाहिलाय. कुपी नाही म्हणून मुलाची तारीख पुढे ढकलली की आईचा चेहरा कसा होतो ते ठाऊक आहे. म्हणून यीस्टची बातमी मला आनंदाचीच वाटते. पण काल रात्री पहिल्यांदा त्या पन्नास रेघा डोळ्यांसमोर आल्या.

सातवा दिवस, ताना आणि परत

तोलान्यारोहून सकाळचं विमान उशिरा निघालं. मधल्या वेळात पुन्हा लिबानोनाला गेलो. तिसऱ्या दिवशी पाहिलेलं ते झुडूप तिथेच होतं. खालच्या शेंगा पिकून तडकलेल्या, आत काळं बारीक बी. मी नकळत दोन शेंगा तोडल्या. एक गच्चीसाठी, एक वॉर्डाच्या बाहेरच्या कुंडीसाठी, असं मनात होतं.

भाचीनं माझी मूठ उघडली. "नाही मावशी. परवानगी लागते. रानातलं आहे, इथलं आहे." तिनं बी परत झुडपाखाली वाळूत टाकलं आणि वर पायानं थोडी वाळू सारली.

संध्याकाळी इवातोच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पिशवी उघडली. रोप, बी, माती?

"नाही," भाची म्हणाली. त्यानं मलमाची ट्यूब उचलून पाहिली, परत ठेवली आणि पिशवी पुढे सरकवली.